सुट्टीतली इंटर्नशिप: सर्टिफिकेट की नोंदवही?

दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत एखाद्या स्वयंसेवी संस्थेत महिना-दीड महिना काम केलं, तर पुढे संशोधनासाठी त्याचा काय उपयोग? सर्टिफिकेटचा फारसा नाही. पण तेवढ्या दिवसांत नीट नोंद करायला शिकलात, तर ते पीएचडीपर्यंत पुरतं. अकोले तालुक्याचं उदाहरण घेऊन पाहू.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांनी वाल, भात, भाज्यांचं गावठी बियाणं जपलं. ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

समजा, अशाच एखाद्या बियाणे बँकेत तुम्ही मे महिन्यात काम करताय. पहिली अडचण लगेच येते. वालाची पेरणी पावसाळ्यात, शेंगा त्यानंतर. म्हणजे तुम्हाला दिसतं ते फक्त बी. वेल, फूल, शेंग यांबद्दल तुम्ही नुसतं ऐकता. म्हणून वहीत दोन रकाने करा: ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’. बियाचा रंग, आकार, शंभर दाण्यांचं वजन हे पाहिलेलं. ‘हा वाल कमी पाण्यावर येतो’ हे ऐकलेलं. त्यापुढे कोणी, कुठल्या गावात, कोणत्या तारखेला सांगितलं तेही लिहा. ऐकलेलं म्हणजे खोटं नव्हे. उलट पुढच्या अभ्यासाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

दुसरं काम उगवण तपासणीचं. ओल्या कापडात किंवा गोणपाटात दाणे गुंडाळायचे, कापड ओलं ठेवायचं आणि आठवड्याभराने मोड आलेले मोजायचे. आता दहापैकी आठ उगवले काय आणि शंभरपैकी ऐंशी काय, टक्केवारी तीच. पण दहाच दाण्यांवरून खरी उगवण साधारण ४९ टक्क्यांपासून ९४ पर्यंत कुठेही असू शकते. शंभर दाण्यांवरून ती साधारण ७१ ते ८७ च्या दरम्यान येते. नमुना मोठा का हवा, हे इथे हाताने कळतं. मात्र बँकेत मूठभरच बी शिल्लक असेल, तर शंभर दाणे मागायचे नाहीत. थोडे घ्या आणि नमुना लहान होता हे स्पष्ट लिहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ही माहिती कोणाची? माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात महाविद्यालयांतले शिक्षक, विद्यार्थी आणि गावकरी यांना सोबत घेऊन लोकजैवविविधता नोंदवहीची पद्धत बसवली. पुढे २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली स्थानिक समित्यांवर हे काम आलं. यात विद्यार्थी लिहितो, पण ज्ञान गावाचं असतं. म्हणून लिहिण्याआधी विचारा, फोटोआधी विचारा. एखाद्या मावशींनी ‘हे लिहू नको’ म्हटलं, तर पेन खाली ठेवायचं.

निघण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा: अठराच्या आतल्यांना घेता का? पालकांचं पत्र लागेल का? राहायचं कुठे? रोज माझी वही कोण तपासणार? चौथ्याचं उत्तर नीट मिळालं नाही, तर दुसरी संस्था बघा.

आणि परत येताना वहीची स्वच्छ प्रत तिथेच ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाला तुमच्या ‘ऐकलं’ रकान्यातली एखादी गोष्ट ‘पाहिलं’मध्ये नेता आली, तर संशोधन खऱ्या अर्थाने सुरू झालं म्हणायचं.