टॉवर मुंबईत, कान शेलारला

तुमच्या ऑफिसात चाळिशी ओलांडलेला एखादा सीनियर असेलच. लंच टाइमला त्याला एवढंच विचारा, 'सर, विन ९४.६ आठवतं का?' सर डबा खायचे थांबतील. पुढचा अर्धा तास मग तुमचा नाही.

२००२ च्या उन्हाळ्यात मुंबईच्या आकाशात एकामागोमाग एक पाच खाजगी म्युझिक स्टेशन्स आली. रेडिओ मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ९१.१, रेड एफएम ९३.५, गो ९२.५ आणि विन ९४.६. म्हणायला मुंबईची. पण एफएमच्या लहरींना महापालिकेची हद्द कळत नाही. खाडी ओलांडून त्या भिवंडीत आल्या आणि नदीनाक्यावरून कामवारी पार करून आमच्या शेलारलाही पोचल्या. शेलार म्हणजे कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलात की नदीनाक्यापुढे जे लागतं ते शेलार. कारभार ग्रामपंचायतीचा, आवाज मात्र यंत्रमागांचा.

आणि एफएम ही काय चीज आहे, हे यंत्रमागाच्या गावाइतकं कुणालाच कळलं नसेल. जुना रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह. त्यात गाणं लहरीच्या उंचीवर स्वार होऊन येतं. आसपास विजेच्या मोटारी फिरत असल्या, स्टार्टर ठिणग्या टाकत असले, की तो सगळा कचरा त्या उंचीवरच येऊन बसतो. त्यामुळे आशाताई गातायत की सायझिंगचा बॉयलर, हे ओळखणं कठीण व्हायचं. एफएममध्ये गाणं लहरीच्या उंचीत नसतं, तिच्या कंपनसंख्येत असतं. रेडिओ उंचीकडे बघतच नाही, म्हणून खरखर गायब. लूम चालू असताना कारखान्यात रेडिओ ऐकू यायचा प्रश्नच नव्हता म्हणा, त्या खटखटीत शेजारचा माणूस ऐकू येत नाही. पण लोडशेडिंग झालं की सगळ्या शेड एकदम गप्प व्हायच्या आणि गल्लीभर सेलवरचे रेडिओ बोलायला लागायचे. शहरात लाइट गेली की करमणूक बंद, आमच्याकडे लाइट गेली की करमणूक सुरू!

या पाच स्टेशन्सच्या आधी काय होतं? आधी सिलोन होतं, मग ३ ऑक्टोबर १९५७ पासून विविध भारती. मराठीसाठी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, तीही मीडियम वेव्हवर. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना विकायला काढले. मुंबईत टाइम्स एफएम आणि रेडिओ मिड-डे ऐकू यायला लागले आणि रेडिओवरचा माणूस अचानक हसायला, चेष्टा करायला लागला. १९९८ मध्ये करार पुढे वाढवले गेले नाहीत, आणि एफएम पुन्हा सरकारी शिस्तीत गेलं.

तोवर दिल्लीत एक मोठी गोष्ट होऊन गेली होती, तीही क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. आज आपण कारमध्ये ज्या स्टेशनवरून त्या स्टेशनवर उड्या मारतो, त्याचं मूळ त्या निकालात आहे.

लहरी सार्वजनिक, पण फुकट नव्हे. पहिल्या टप्प्यात सरकारने लिलाव केला आणि बोली लावणाऱ्यांचं भान सुटलं. मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची लायसन्स फी वर्षाला ९.७५ कोटी रुपयांवर गेली. वर अट अशी की दर वर्षी ती १५ टक्क्यांनी वाढणार. कॅल्क्युलेटर काढा. दुसऱ्या वर्षी ११.२ कोटी, तिसऱ्या वर्षी जवळपास १२.९, चौथ्या वर्षी १४.८. जाहिराती येवोत न येवोत. स्टुडिओचं भाडं, आरजेंचे पगार, गाण्यांची रॉयल्टी हे सगळं याच्या वर.

आता तुम्ही स्टेशन मॅनेजर आहात असं समजा. वर्षाला अकरा-बारा कोटी नुसती फी भरायची आहे. तुम्ही कुठलं गाणं लावाल? जे सगळ्यांना आवडतं ते. म्हणजे या महिन्यातला हिंदी पिक्चर. शेजारचं स्टेशन काय लावेल? तेच. पाच स्टेशन्स, पाच जिंगल्स आणि गाणं एकच! लोक आरजेंना नावं ठेवायचे, पण मला विचाराल तर दोष आरजेंचा नव्हता, त्या फीच्या आकड्याचा होता.

गो ९२.५ ने वेगळा मार्ग धरला होता. इंग्रजी गाणी, इंग्रजी गप्पा आणि दक्षिण मुंबईचा तोरा. शेलारला ते कोण ऐकत होतं? आम्ही कॉलेजातली दोन-चार पोरं. शब्द कळायचे नाहीत, पण डोंबिवलीच्या पोरांसमोर नाव टाकायला बरं. विन ९४.६ तर त्याहून लाडकं निघालं आणि पहिलं तेच गेलं. २००५ मध्ये ते बंद पडलं. ज्या फ्रिक्वेन्सीवर रोज सकाळी कुणीतरी तुमच्याशी बोलायचं, तिथे एके दिवशी नुसतं 'श्शऽऽ'.

त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने दुसऱ्या टप्प्याचं धोरण आणलं. दरवर्षी चढणारी फी गेली, एकदाच प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्क्यांचा वाटा आला. एकाच फटक्यात धंदा जगण्यासारखा झाला. मुंबईत बिग ९२.७, फीव्हर १०४, बायकांसाठी म्हणून आलेलं म्याव १०४.८, अशी नवी नावं आली. गो ९२.५ चं २००६ मध्ये रेडिओ वन झालं. शेजारी ९२.७ आल्यावर ते ९४.३ वर सरकलं, हिंदीकडे आलं आणि काही वर्षांनी पुन्हा इंग्रजीकडे वळलं.

धोरण जाहीर झालं त्याच महिन्यात २६ जुलै उजाडली. खाजगी एफएमला बातम्या द्यायला बंदी. पण पाण्यात अडकलेली माणसं फोन करत होती, आरजे निरोप वाचत होते, कुठला रस्ता बंद आहे ते सांगत होते. बातमी म्हणजे काय आणि माहिती म्हणजे काय, हे त्या रात्री कुणी मोजत बसलं नाही. भिवंडीतही पाणी भरलं होतं.

आणि मग मोबाइल आला. खरं तर मोबाइल होताच, त्यात एफएम आलं. इअरफोनची वायर हीच अँटेना, त्यामुळे ती लावल्याशिवाय रेडिओ चालायचाच नाही. या छोट्याशा तांत्रिक गोष्टीचा परिणाम फार मोठा झाला. त्या फोनमध्ये मीडियम वेव्ह नव्हती. म्हणजे अस्मिता वाहिनीवरची नाट्यगीतं, भावगीतं, लोकगीतं ही सगळी इस्टेट आपल्या पिढीच्या कानातून एका फटक्यात गेली. कुणी बंदी घातली नाही, कुणी काढून घेतलं नाही. फोनमध्ये तो पट्टाच नव्हता. मराठी गाणं ऐकायचं तर ते खाजगी एफएमवर लागायला हवं होतं, आणि तिथे ते जवळजवळ लागतच नव्हतं.

का नव्हतं? संगीतकार कौशल इनामदार यांनी यामागचा किस्सा अनेकदा सांगितलाय. मराठी गाणी लावली तर स्टेशनला 'डाउनमार्केट' फील येतो, असं त्यांना मुंबईच्या एका खाजगी स्टेशनवर ऐकवण्यात आलं. डाउनमार्केट! महाराष्ट्राच्या राजधानीत! दुसरा कुणी असता तर काच फोडून आला असता. इनामदारांनी सुरेश भटांची मराठी भाषेवरची कविता घेतली, तिला चाल लावली आणि शंभराहून जास्त नामवंत गायक आणि साडेतीनशेच्या वर कोरस गायक यांच्याकडून ती गाऊन घेतली. पैसे? लोकांकडून, पाचपाचशे रुपये करून. २७ फेब्रुवारी २०१० ला, मराठी भाषा दिनाच्या दिवशी, ठाण्यात 'मराठी अभिमानगीत' प्रकाशित झालं. शेलारहून ठाणं म्हणजे काही लांब नाही.

त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला 'नटरंग' आला होता, अजय-अतुलच्या गाण्यांनी धुमाकूळ घातला होता. म्हणजे एकीकडून लाज काढली गेली आणि दुसरीकडून बाजार उभा राहिला. माझं प्रामाणिक मत, स्टेशनवाल्यांना दुसरी गोष्ट जास्त लवकर समजली. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा तर प्रश्नच मिटला, 'झिंगाट' न लावणं कुणाला परवडणार होतं! सहा वर्षांत डाउनमार्केटचं सुपरहिट झालं.

बंगळुरूशी तुलना करून बघा. देशातलं पहिलं खाजगी एफएम, रेडिओ सिटी, तिथेच ३ जुलै २००१ ला सुरू झालं. आज त्या शहरात एफएम लावलं की कन्नड ऐकू येतं, रेडिओ सिटीवरसुद्धा. चेन्नईत तमिळ सोडून दुसरं काही लावायचा विचारही कुणी करत नाही. मुंबईत मराठीला अजून पाहुण्यासारखं बोलावतात. या बसा, एक गाणं म्हणा, चहा घेऊन जा.

मात्र इथे शेलारचा माणूस म्हणून मला थोडं थांबावं लागतं. कारण 'लोकल' म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या गल्लीत इतका सोपा नाही. लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर प्रदेश-बिहारचा. भिवंडीत कापड विणणारी तेलुगू कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोकणी मुसलमान इथले जुने, त्यांच्या घरातली बोली मराठीला खेटून चालते. आणि आगरी तर मूळचेच. लोडशेडिंगमध्ये गल्लीतून ऐकू येणारा तो रेडिओ हिंदी गायचा म्हणून कुणावर अन्याय होत होता, असं मला तरी म्हणवत नाही. तो हिंदी पिक्चरचा आवाज आम्हा सगळ्यांना एकत्र कळायचा.

पण मग आगरी गाणी? हळदीच्या रात्री पहाटेपर्यंत वाजणारी, आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर आलेली? ठाणे-रायगड पट्ट्यात त्यांचा केवढा मोठा बाजार आहे हे कुठल्याही डीजेवाल्याला विचारा. मुंबईच्या एफएमवर प्रमाण मराठीलाच जिथे दारात उभं केलं, तिथे आगरीला कोण आत घेणार? तिने रेडिओची वाट पाहिलीच नाही. ती सरळ यूट्यूबवर गेली, आणि आज लग्नाच्या मांडवात तिलाच मान आहे. इनामदारांनी जी लढाई लढली, ती आगरीसाठी लढायला कुणी आलं नाही, आणि गंमत म्हणजे तिचं काही अडलंही नाही. अडलं असेल तर रेडिओचं.

कारण मधल्या काळात रेडिओचंच पाणी आटत गेलं. २०१५ च्या तिसऱ्या टप्प्यात मुंबईची एक फ्रिक्वेन्सी १२० कोटींच्या वर गेली. स्वस्त झालेलं आकाश पुन्हा महाग झालं आणि महाग आकाशात नवं गाणं वाजवायचं धाडस कमीच होतं. तिकडे नव्या स्मार्टफोनमधून एफएमची सोय गायब व्हायला लागली, ती द्या म्हणून २०२३ मध्ये सरकारला कंपन्यांना सूचना काढावी लागली. ज्या मोबाइलने मीडियम वेव्हला मारलं, त्यानेच पुढे एफएमकडे पाठ फिरवली.

तरी शेलारला एफएम मेलेलं नाही. ते ट्रक आणि टेम्पोत जिवंत आहे. भिवंडीभर पसरलेल्या गोदामांतून माल उचलणारा ड्रायव्हर डेटा जाळत नाही, बटण फिरवतो. त्याला गाणं हवं असतं आणि पुढे रस्ता मोकळा आहे का ते हवं असतं. २०१७ मध्ये रेड एफएमच्या मलिष्काने खड्ड्यांवर गाणं केलं, मुंबई महापालिकेच्या इतकं झोंबलं की तिच्या घरी डेंग्यूच्या अळ्या सापडल्याची नोटीस निघाली. वाडा रोडवर खड्डे चुकवता चुकवता आमच्या ड्रायव्हर मंडळींनी ते गाणं जितक्या भक्तिभावाने ऐकलं तितकं बांद्र्यात कुणी ऐकलं नसेल.

त्या गाण्यात वाडा रोड नव्हता, आणि ट्रॅफिक अपडेटमध्येही तो नसतो. सायनला स्लो, घाटकोपरला स्लो, माजिवड्याला जाम. कधी आरजे मूडमध्ये असला तर मानकोलीपर्यंत येतो. नदीनाका, शेलार, अंबाडी हे अजून एकदाही माझ्या कानावर आलेलं नाही. टेम्पोवाला तेवढ्यापुरता आवाज कमी करतो, समोरून येणाऱ्याला हात दाखवून विचारतो, 'आगे कैसा है?', आणि गाणं लागलं की पुन्हा वाढवतो.