विजेचा ठोक बाजार

लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा भाव उतरला, तर शेतकरी तो चाळींत ठेवून कांहीं आठवडे वाट पाहूं शकतो. विजेचें तसें नाहीं. ती ज्या क्षणीं निर्माण होते, त्याच क्षणीं वापरावी लागते. मोठ्या प्रमाणावर तिचा साठा करण्याचीं साधनें अजून थोडीं आहेत. अशा मालाचा बाजार भरतो तरी कसा, असा प्रश्न पडणें साहजिक आहे.

पूर्वीं बाजाराचा प्रश्नच नव्हता. वीज उत्पन्न करणें, ती तारांवरून वाहून नेणें आणि घरोघर पुरविणें हीं तीनहि कामें बहुतेक राज्यांत एकच वीज मंडळ करी. २००३ च्या विद्युत् अधिनियमानें ही घडी बदलली. महाराष्ट्रांत २००५ सालीं मंडळाचे विभाग होऊन उत्पादन महानिर्मितीकडे, वहन महापारेषणकडे व वितरण महावितरणकडे गेलें. वहनाच्या तारा ठराविक आकार घेऊन इतरांनाहि खुल्या झाल्या. रस्ता एकाचा आणि गाड्या अनेकांच्या, अशी ही योजना आहे. पुढें २००८ सालीं देशांतील पहिलीं दोन पॉवर एक्स्चेंज, म्हणजे विजेचीं विनिमय-केंद्रें, सुरू झालीं.

तेथें मुख्यतः उद्यांची वीज आज विकली जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात व प्रत्येक भागाचा लिलाव निराळा होतो. विकणारा ‘इतकी वीज, निदान या भावानें’ असें कळवितो. घेणारा ‘इतकी वीज, फार तर या भावानें’ असें सांगतो. एकाची बोली दुसऱ्याला दिसत नाहीं. मग विक्रेते स्वस्ताकडून महागाकडे व खरीददार चढत्याकडून उतरत्या भावाकडे मांडले जातात. दोन्ही रांगा जेथें मिळतात, तो भाव ठरतो.

समजा, तीन विक्रेते प्रत्येकीं १०० मेगावॅट विजेचे युनिटला अनुक्रमें ३, ४ व ६ रुपये मागतात, आणि १० रुपयांपर्यंत देण्यास तयार असलेल्या खरीददारांना मिळून २५० मेगावॅट हवी आहे. तिसऱ्याच्या निम्म्या विजेवांचून गरज भागत नाहीं. म्हणून भाव ६ रुपये ठरतो, आणि तो तिघांनाहि मिळतो. तीन रुपये मागणाराला सहा कां द्यावे, असा आक्षेप कोणीहि श्रोता घेईल. परंतु ज्याला त्याला त्याच्या बोलीइतकेंच दिलें, तर खरा खर्च कोणी सांगणार नाहीं. जो तो शेवटच्या भावाचा अंदाज बांधून आपली बोली चढवील. सर्वांना एकच भाव असला, म्हणजे बहुधा खरा खर्च सांगणें हेंच हिताचें ठरतें, आणि स्वस्त वीज आधीं घेतली जाते. अंदाज चुकल्यास तो सुधारण्यासाठीं जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला आणखी एक लिलाव होतो.

भाव ठरला, तरी माल पोंचला पाहिजे. एखादी वाहिनी आपल्या शक्तीइतकी भरली, कीं तिच्या दोन बाजूंना दोन भाव पडतात. दक्षिणेकडे वीज नेणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या होत्या, तोंवर तेथील भाव चढे राहत. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर–रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली व सारा देश एका जाळ्यांत आला. पुढें वाहिन्या वाढत गेल्या, तसें हें अंतरहि कमी होत गेलें.

या बाजाराची खरी कसोटी २०२२ च्या उन्हाळ्यांत लागली. ऊन लवकर तापलें, मागणी वाढली, कोळसा अपुरा पडला, आणि मार्चअखेर कांहीं वेळांचा भाव युनिटला २० रुपयांवर गेला. केंद्रीय विद्युत् नियामक आयोगानें एप्रिलच्या आरंभीं १२ रुपयांची मर्यादा घातली. २०२३ सालीं ती १० रुपयांवर आणली. त्यानें भाव आंवरला, पण वीज वाढली नाहीं. मर्यादेचा पुरा भाव देऊं करणाऱ्यांनाहि हवी तितकी वीज मिळाली नाहीं, आणि अनेक राज्यांत भारनियमन करावें लागलें.

म्हणूनच वितरण कंपन्या आपली बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनीं बांधून घेतात व उणी पडेल तेवढीच बाजारांतून आणतात. भर दुपारीं सौर वीज मुबलक असते तेव्हां बाजारांत ती स्वस्त मिळते. सूर्य मावळल्यावर भाव चढतो. त्या संध्याकाळची तरतूद ज्यानें आधीं केली नाहीं, त्याला पडेल तो भाव द्यावा लागतो, आणि तो भार अखेर वीजबिलाच्या रूपानें घरोघर पोंचतो. टंचाई कोठें व केव्हां आहे, हें बाजार दाखवितो; ती भरून काढण्याचें काम मात्र आधीं उभारलेल्या केंद्रांचें, वाहिन्यांचें आणि वेळेवर केलेल्या करारांचें आहे.