दहा मीटर पाणी आणि मऊ गादी

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगला उतरलेला माणूस दहा मीटर खोल गेला, की पाणी त्याच्या अंगावर पाऱ्याच्या सुमारे ७६० मिलिमीटर इतका जादा दाब टाकतं. डॉक्टर रक्तदाब ‘एकशेवीस-ऐंशी’ सांगतात, तो याच मापात. इतका दाब सोसूनही त्याच्या कातडीवर साधा डागसुद्धा उमटत नाही. आणि इकडे घरात, मऊ गादीवर पडून असलेल्या आजींच्या कमरेखाली या दाबाचा जेमतेम दहावा हिस्सा काही तास एकाच जागी राहिला, तर तिथलं मांस मरायला लागतं.

बेडसोरचं सगळं कोडं या दोन चित्रांमध्ये आहे. पाणी चहूबाजूंनी सारखंच दाबतं. शरीराच्या आतला दाबही तेवढाच वाढतो, त्यामुळे कुठलाच भाग चेपत नाही, कुठलीच पेशी आपला आकार सोडत नाही. गादीचं तसं नाही. ती खालून रेटते, वरून हाडाचं टोक रेटतं आणि मधल्या मधे मांस, चरबी, कातडी चिरडली जाते. नुकसान होतं ते या विषम दाबामुळे.

किती दाब पुरतो? १९३० साली युजीन लॅंडिस या अमेरिकी संशोधकाने एक विलक्षण नाजूक काम केलं. केसाहून बारीक काचेची नळी त्याने जिवंत माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत घातली आणि आतला दाब मोजला. रक्त आत येताना सुमारे ३२ मिलिमीटर, बाहेर पडताना सुमारे १२. आपल्या प्रत्येक पेशीला अन्न आणि प्राणवायू पोचवणारी शेवटची गल्ली एवढ्याशा जोरावर उघडी राहते! ३२ हा काही लक्ष्मणरेषेसारखा आकडा नाही, माणसागणिक आणि जागेगणिक तो बदलतो. पण कडक खुर्चीवर बसल्यावर बैठकीच्या हाडांखाली शंभराच्या वर दाब सहज जातो, हे लक्षात घेतलं की अचंबा वाटतो तो आपण धडधाकट राहतो याचाच.

राहतो, कारण आपण स्थिर नसतोच. जागेपणी बसल्या बसल्या वजन या मांडीवरून त्या मांडीवर जातं. झोपेत तर रात्रीतून कितीतरी वेळा आपण कूस बदलतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. दाबलेल्या जागेतून मज्जातंतू तक्रार पाठवतात, मेंदू ती ऐकतो आणि आपल्याला जागं न करता धड वळवतो. दाब सुटला की त्या जागी रक्त नेहमीपेक्षा जास्त धावतं आणि थकलेली उधारी फेडून टाकतं. कोपर टेबलावर टेकून बराच वेळ वाचत बसलात तर उचलल्यावर तिथे लाली दिसते, ती हीच फेड. काही मिनिटांत ती ओसरते.

पक्षाघात झालेल्या माणसाची तक्रार मेंदूपर्यंत पोचत नाही, किंवा पोचली तरी अंग हलत नाही. कण्याला इजा झालेल्यांचं तेच. खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांना कळतं, पण दुखण्याच्या भीतीने ते हलत नाहीत. झोपेच्या जड गोळ्या तक्रारच दाबून टाकतात. मग ही न दिसणारी हालचाल दुसऱ्या कुणीतरी त्यांना उसनी द्यावी लागते.

अशी हालचाल देऊन बेडसोर टाळता येतात, हे कित्येक वर्षं वैद्यकालाच मान्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे थोर मज्जातज्ज्ञ शार्को यांचं मत होतं, की अशा जखमा मज्जासंस्थेच्या इजेतूनच उगवतात. म्हणजे त्या टाळता येणार नाहीत. संशोधक ब्राऊन-सेकार यांनी त्याआधीच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की दाब आणि ओल दूर ठेवली तर जखम होत नाही. पण वजन शार्कोंच्या नावाला होतं. पहिल्या महायुद्धात कण्यावर गोळी लागलेले बहुतेक सैनिक बेडसोर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी अशाच सैनिकांचा वॉर्ड हाती घेतला. नाझी जर्मनीतून निसटून आलेले हे डॉक्टर. त्यांनी नियम घातला: दिवसा आणि रात्री, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाला वळवायचं. जखमा भरू लागल्या, माणसं जगू लागली आणि पुढे व्हीलचेअरवर बसून धनुष्यबाण चालवू लागली. आजच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचं मूळ याच रुग्णालयाच्या आवारात, १९४८ सालात आहे. मला ही गोष्ट वैद्यकातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटते, कारण तिच्या मुळाशी असलेलं काम कुठल्याही घरात करता येतं.

मात्र वळवणं म्हणजे सरळ कुशीवर लोटणं नव्हे. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथली कातडी पातळ असते. म्हणून साधारण तीस अंशांचा तिरपा कल पुरे. “आजी, आता भिंतीकडे वळू या हं,” असं आधी सांगायचं. मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि पाठीमागे उशी सारायची, अशी की भार कुल्ल्याच्या मांसल भागावर पडेल. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, नाहीतर हाडाला हाड घासतं. पोटऱ्यांखाली एक उशी, पण टाचा हवेत मोकळ्या हव्यात. टाचेला चरबी बेताची, खाली हाड मोठं. माकडहाडाच्या वरच्या भागानंतर सर्वाधिक जखमा तिथेच होतात. ऑक्सिजन चालू असेल तर नळी कानामागे रुतते, तेही बघायचं. लघवीची नळी मांडीखाली अडकली नाही ना, तेही.

दाबापेक्षाही फसवा शत्रू म्हणजे घसरण. जेवण भरवायला पलंगाचं डोकं उंच केलं की अंग हळूहळू पायथ्याकडे सरकतं. कातडी चादरीला चिकटून जागीच राहते, आतलं हाड मात्र खाली जातं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात. वरून काहीच दिसत नाही. म्हणून डोकं उचलण्याआधी गुडघ्यांखाली आधार द्यावा, आणि जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास झाला की डोकं पुन्हा तीस अंशांपर्यंत खाली घ्यावं. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. अंगाखाली जुन्या सुती साडीची चौपदरी घडी ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलावं. एवढ्याने कातडी किती वाचते!

नुकसान बहुतेक वेळा तळापासून सुरू होतं. स्नायूला प्राणवायू जास्त लागतो, आणि हाडाजवळ पेशी सर्वाधिक पिचतात. रक्तपुरवठा तुटण्याआधीच नुसत्या पिचण्याने त्या मरू शकतात. कातडी सगळ्यात चिवट, म्हणून बातमी तिच्याकडून शेवटी येते. वर नाण्याएवढं तोंड आणि आत वाटीएवढी पोकळी, असं होतं ते यामुळे. पहिली खूण म्हणजे दाबून सोडल्यावर पांढरी न पडणारी लाली. पण ही खूण गोऱ्या कातडीवर लिहिलेल्या पुस्तकांतली आहे. आपल्या सावळ्या रंगावर लाली लपते. तिथे जांभळट, काळसर छटा शोधावी आणि हाताच्या पाठीने स्पर्श करून बघावा: ती जागा शेजारपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा पिचपिचीत लागते का? असा डाग दिसला तर तो चोळू नये. खाली मरणोन्मुख पेशी असतात, मालिशीने त्या आणखी फाटतात. स्पिरिट आणि पावडर चोळायची जुनी रीतही सोडून द्यावी. स्पिरिट कातडी कोरडी करतं, पावडरीच्या गुठळ्या घासतात. त्यापेक्षा डायपर ओला झाल्या झाल्या बदलणं, कोमट पाण्याने पुसून टिपणं आणि मलमाचा पातळ थर लावणं कितीतरी मोलाचं.

बाजारात मिळणारी हवेची गोल रिंग प्रेमाने आणली जाते, पण ती मधला भाग अधांतरी ठेवून भोवताली दाबाचं वर्तुळ करते आणि मध्ये येणारं रक्तच अडवते. ती नको. पंपवाला एअर बेड चांगला, पण तोही तपासावा. माणूस झोपलेला असताना गादीखाली, कमरेच्या खाली येईल असा तळहात उताणा सारा. हाडाचा भार हाताला जाणवला तर गादी बसली आहे, वरून कितीही फुगलेली दिसो.

अंथरुणावरच्या माणसाला आपण पेज, मऊ भात, चहा-बिस्किट देतो. पण जखम भरायला प्रथिनं लागतात, दर किलो वजनामागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला साठ-पंच्याहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा. म्हणजे घट्ट वरण, दूध, पनीर, अंडी, मासे, सगळ्यांची मोट बांधावी लागेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

जखम झालीच, तर ती ‘वाळू द्या’ हा सल्ला मागे टाकावा. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं, की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने चढते. नव्या पेशींना सरकायला ओलावा लागतो, खपलीखालून त्यांना वाट खोदत जावं लागतं. म्हणून सलाइनने धुणं, योग्य ड्रेसिंग, आणि त्या जागेवर पुन्हा भार न देणं. हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. ताप, दुर्गंधी, पू, पसरणारी लाली, काळी पडलेली जखम, किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टर त्याच दिवशी हवेत.

आता रात्रीबद्दल, कारण शुश्रूषा करणारी सून, मुलगा, आया रात्रीलाच मोडतात. गुटमन यांचे दोन तास त्या काळच्या गाद्यांचे होते. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत झालेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की दाट फोमच्या चांगल्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवलेल्या वृद्धांमध्ये जखमांचं प्रमाण लक्षणीय वेगळं नव्हतं. घरच्या माणसाला हे लागू होतं का, ते त्याच्या कातडीवरून आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आधीच जखम असेल किंवा डाग लवकर उमटत असतील तर अंतर कमीच ठेवावं लागेल. पण कातडी धड असेल आणि गादी चांगली असेल, तर रात्री दहाला वळवल्यावर दोनला आणि सहाला उठलं तरी चालू शकेल, आणि मधले चार-चार तास दोघांनाही झोपता येईल.