न तुंबणारें गाळणें

काढा वस्त्रगाळ करतांना फडकें लौकरच तुंबतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. अडवावयाच्या कणाहून छिद्र लहान ठेवावें लागतें, आणि अडलेला गाळच पुढें तीं छिद्रें बुजवितो. केसाहून अरुंद वाटांच्या गाळण्यांत हेंच घडलें म्हणजे प्रसंग बिकट होतो.

कर्करोग्याच्या रक्तांत फिरणाऱ्या रोगपेशी अत्यंत विरळा. उलट एका मिलिलिटर रक्तांत तांबड्या पेशीच सुमारें ५०० कोटी! थोड्या थेंबांतच गाळणें तुंबलें, तर शोधावयाची पेशी हातीं लागणार कशी?

अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००४ सालीं निराळी युक्ति प्रसिद्ध केली. सूक्ष्म खांबांच्या रांगा रचावयाच्या व प्रत्येक रांग मागील रांगेहून किंचित् बाजूस सरकवावयाची. खांबांमधील अंतर कणांहून मोठें असल्यामुळें कोणताच कण अडत नाहीं. लहान कण प्रवाहाबरोबर वळसे घेत सरळ जातात. मोठे कण प्रत्येक खांबापाशीं ढकलले जाऊन तिरपे सरकतात. अशा रीतीनें ०.८, ०.९ व १ मायक्रोमीटरचे कण ४० सेकंदांत वेगळे झाले.

परंतु रक्त गोठतें; त्यामुळें येथेंहि गुठळ्या होऊन वाट बुजे. २०१५ सालीं तेथील संशोधकांनीं उपाय दाखविला : रक्तांतील कॅल्शियम बांधून टाकणारें एक द्रव्य व थ्रॉम्बिन निष्क्रिय करणारें दुसरें, अशीं दोन्ही मिसळावयाचीं. थ्रॉम्बिनामुळें होणारी गुठळी आणि बिंबिकांचें परस्परांस चिकटणें, अशीं तुंबण्याचीं मुळें दोन असल्यानें औषधेंहि दोन लागलीं.

अडवून निवडण्यापेक्षां वाट देऊन निवडावें, हें या युक्तीचें सार. मात्र वाटेंत चिकटून बसणारांचा बंदोबस्त आधींच करावयास हवा.