नमाजाची दिशा पश्चिम, नोकरीचीही पश्चिमच!

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली की जगातल्या मोठमोठ्या प्रश्नांचा निकाल तिथेच लागतो. त्यातला एक ठरलेला प्रश्न असा: "मुस्लिम लोक एवढे धार्मिक, मग सौदी सोडून जर्मनी, इंग्लंड, कॅनडाला कशाला जातात?" विचारणारा बहुधा लातूर नाहीतर जळगावकडून आलेला, गळ्यात माळ असलेला, एकादशी न चुकवणारा आणि जर्मन कंपनीत काम करणारा असतो. स्टुटगार्टच्या पोस्टिंगसाठी साहेबाच्या मागे लागलेलाही तोच असतो. आपण तिकडे का जायचं हा प्रश्न मात्र त्याला कधी पडत नाही.

असो. प्रश्न आलाच आहे, तर उत्तराच्या निमित्ताने काही भन्नाट गोष्टी.

सौदी सोडून? कुणी सांगितलं?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने 2020 सालची जगभरची आकडेवारी मांडली. जन्मदेश सोडून दुसऱ्या देशात राहणारे लोक सुमारे 28 कोटी. त्यांत ख्रिस्ती 47 टक्के, मुस्लिम 29 टक्के, हिंदू 5 टक्के. मुस्लिम स्थलांतरितांचा पहिल्या क्रमांकाचा मुक्काम कुठला? सौदी अरेबिया! एक कोटीहून जास्त लोक तिथे आहेत. सर्वाधिक मुस्लिम बाहेर पडले ते सीरियातून, युद्धामुळे. आणि त्यांतले सर्वाधिक थांबले शेजारच्या तुर्कस्तानात. म्हणजे बसमधल्या प्रश्नाचा पायाच अर्धा कच्चा. पश्चिमेत जाणारे डोळ्यांत भरतात, कारण बातम्या तिथल्या येतात.

चाकण, पंधराव्या शतकातलं 'फॉरेन'

आज चाकणमधून लोक बाहेर जायला बघतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी उलटं होतं. बहमनी सुलतानांच्या काळात इराण, इराक, मध्य आशियातले हुशार लोक नोकरीसाठी दख्खनमध्ये यायचे. त्यांना आफाकी म्हणत. बसऱ्याचा व्यापारी खलफ हसन हा त्यांतलाच एक. अहमदशहाला गादी मिळवून द्यायला त्याने मदत केली आणि 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, अशी पदवी मिळवली. पुढे कोकणच्या मोहिमेसाठी त्याने तळ ठोकला तो चाकणला. जिथे आज बजाज, महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे कारखाने आहेत, त्याच मुलखात तेव्हा बसरा, नजफ, करबलाकडची मंडळी पगारावर राहत होती. आणि हा मुलूख काही मुस्लिम बहुसंख्येचा नव्हता.

पुढची गोष्ट मात्र रंजक नाही, भयंकर आहे. शिर्के या स्थानिक सरदारांनी वाट दाखवतो म्हणून मलिक-उत-तुज्जारला सह्याद्रीच्या रानात नेलं आणि बऱ्याचशा फौजेसकट संपवलं. वाचलेले परदेशी कसेबसे चाकणच्या किल्ल्यात परतले. तेव्हा दख्खनी सरदारांनी, तेही मुस्लिमच, राजधानी बीदरला कळवलं की हे लोक फितूर झालेत. किल्ल्याला वेढा पडला. तो उठेना, तेव्हा अभय देऊन मेजवानीला बोलावलं आणि तिथेच कत्तल केली. मेलेल्यांत शेकडो सय्यद होते, पैगंबरांच्या वंशातले म्हणून मान असलेले. सगळा प्रकार फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवला आहे.

चाकणच्या किल्ल्याचं नाव काढलं की आपल्याला 1660 सालचा फिरंगोजी नरसाळा आणि शाहिस्तेखानाचा वेढा आठवतो. तो आठवावाच. पण त्याआधी दोनशे वर्षं याच तटाआड एक धडा घडून गेला होता. मालक आणि नोकर एका धर्माचे असले की परक्याचा जीव सुरक्षित, असं काही नसतं.

तरी लोक यायचे थांबले का? छे! 1453 मध्ये इराणच्या गिलान प्रांतातला महमूद गावान दाभोळ बंदरात उतरला, व्यापारासाठी. चढत चढत तो बहमनी राज्याचा वजीर झाला आणि 1481 मध्ये खोट्या पत्राच्या आरोपावरून त्याचं डोकं उडवलं गेलं. पगारही मोठा, जोखीमही मोठी.

चौलचा मुस्लिम न्यायाधीश, नेमणारा हिंदू राजा

आणखी मागे जाऊ. अरब प्रवासी अल-मसूदी 916 च्या सुमारास अलिबागजवळच्या चौलला आला. तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुस्लिम दिसले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले, काही इथेच जन्मलेले. राज्य शिलाहारांचं, त्यांच्यावर सत्ता राष्ट्रकूटांची. मुस्लिमांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमून द्यायचा. अरब लेखकांनी राष्ट्रकूट राजांची तोंड भरून स्तुती केली आहे, कारण त्यांच्या राज्यात मशीद बांधता येई आणि व्यापारही करता येई.

धार्मिक माणसाला परमुलखात काय हवं असतं, याची यादी तेव्हापासून फारशी बदललेली नाही: धंदा चालावा, प्रार्थनेला जागा असावी, भांडण झालं तर ऐकून घेणारा कुणी असावा. राजाने आपल्याच देवाला हात जोडावेत, ही अट त्या यादीत नाही. माझ्या मते बसमधल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर चौललाच मिळून जातं.

पासपोर्टचा हिशेब

कोकणातल्या मुस्लिम घरांतून आखातात जाणं पिढ्यान् पिढ्यांचं. पैसा मिळतो, अजान ऐकू येते, रमजानात कामाचे तास कमी होतात. मग अडचण कसली? तीस वर्षं कुवेतमध्ये काढली तरी माणूस तिथला होत नाही. आखाती देशांचं नागरिकत्व परक्या माणसाला जवळजवळ मिळतच नाही, मग तो पाच वेळचा नमाजी का असेना. नोकरी संपली की व्हिसा संपला, बॅगा भरा. उलट कॅनडात कायम रहिवासी झालेल्याला पाच वर्षांपैकी एकूण तीन वर्षं राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीने 2024 मध्ये ही मुदत आठवरून पाच वर्षांवर आणली. मुलाबाळांचा विचार करणारा बाप कुठला हिशेब मांडेल, हे चाकणच्या कंत्राटी कामगाराला वेगळं सांगायला नको. 'पर्मनंट' या शब्दाची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक?

डोक्यावर रुमाल घालायला अमेरिकेत!

तुर्कस्तान मुस्लिम बहुसंख्य, पण घटनेने धर्मनिरपेक्ष. तिथल्या विद्यापीठांत अनेक वर्षं हिजाबला बंदी होती. 2010 नंतर ती सैल झाली. पण त्याआधी, या बंदीमुळेच, तुर्की नेते रेसेप तय्यिप एर्दोगान यांच्या मुली शिकायला गेल्या अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात. मुस्लिम देशात डोकं झाकता येईना, ख्रिस्ती बहुसंख्य देशात आलं!

अहमदिया पंथाचं त्याहून गंभीर. पाकिस्तानने 1974 मध्ये घटना बदलून त्यांना बिगरमुस्लिम ठरवलं. 1984 च्या वटहुकमाने प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं आणि अजान देणं हाच गुन्हा झाला. त्याच वर्षी त्यांचे खलिफा लंडनला गेले. पंथाचं केंद्र आजही इंग्लंडमध्येच आहे. म्हणजे काही लोक तिकडे जातात ते धर्म असूनही नव्हे, धर्मासाठीच.

सगळे पाश्चात्त्य देश मात्र एकाच मापाने मोजू नयेत. फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत हिजाब, पगडी, मोठा क्रूस सगळंच बंद केलं. इंग्लंड तर कागदोपत्री धर्मनिरपेक्षच नाही: राजा चर्चचा प्रमुख, वरच्या सभागृहात 26 बिशप. आणि तरीही 1998 पासून तिथे मुस्लिम शाळांना सरकारी अनुदान मिळतं. पहिल्या शाळांपैकी एक लंडनची इस्लामिया. तिचे संस्थापक युसूफ इस्लाम, म्हणजे एके काळचे पॉप गायक कॅट स्टीव्हन्स.

कॅथेड्रलमध्ये ईद

आता गाड्यांच्या कारखान्यात येऊ, आपल्या ओळखीच्या जागेत. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार पुरवठ्याचा करार केला. इस्तंबूलमध्ये दात, लघवी, छाती तपासून माणसं निवडली जायची आणि रेल्वेने पाठवली जायची. सुरुवातीला अट होती: दोन वर्षं काम करा, परत जा. कारखानदारच कुरकुरले की शिकवलेला गडी घालवायचा कशाला? अट गेली. 1973 मध्ये जर्मनीने भरती बंद केली आणि गंमत बघा, त्यामुळेच लोक मुक्कामी राहिले. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, या भीतीने त्यांनी बायका-मुलांनाच बोलावून घेतलं. सरकारने दार लावलं ते पाहुणे आत असताना!

या मंडळींना नमाजाला जागा नव्हती. 3 फेब्रुवारी 1965 रोजी रमजान संपला, तेव्हा काही शे तुर्की कामगारांनी चक्क कोलोनच्या जगप्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये नमाज पढली, चर्चच्या परवानगीने. त्याच शहरातल्या फोर्डच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तुर्की कामगाराचा मुलगा उगुर शाहीन पुढे डॉक्टर झाला. पत्नी ओझलेम तुरेची यांच्यासह त्यांनी बायोएनटेक ही कंपनी काढली. कोविडची फायझरची लस ती त्यांचीच.

दिशा फिरते

पिंपरीतला माणूस नमाजाला पश्चिमेकडे तोंड करतो. स्टुटगार्टला गेला की आग्नेयेकडे. केपटाउनमध्ये उत्तरेकडे, जरासं पूर्वेला झुकून. केपटाउनचं नाव उगीच घेतलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुस्लिम तिथे जाऊ लागले. वसाहतीचं सरकार ख्रिस्ती, आणि 1902 च्या कायद्याने अट अशी की नव्याने येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. तरी माणसं पोचली. 1895 मध्ये डर्बनला उतरलेल्या सुफी साहेब या सुफी संताने 1905 मध्ये केपटाउनची हबीबिया मशीद उभी केली. आधी किराणा दुकान, मग मशीद, मग मदरसा: क्रम जगभर हाच.

आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वेगळं काय झालं? फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांचा कॅम्प पिंपरीत वसला, मागोमाग पवनेकाठी झुलेलाल घाट आला. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स (एच.ए.) आली, मग टेल्को, बजाज. 2011 पर्यंत शहराची लोकसंख्या 17 लाखांवर गेली. बिहारी कामगार मोशीच्या इंद्रायणी घाटावर छठ करतात. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुस्लिमांनी कुदळवाडीत भंगाराचा धंदा वाढवला. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. इतकंच काय, चिंचवडचे मोरया गोसावीही मूळचे इथले नव्हेत, मोरगावहून आलेले. देहू-आळंदी जवळ आहे म्हणून टेल्कोच्या गेटवर रांग लावली, असा माणूस मला अजून भेटायचाय. पगार होता, भाऊबंद आधी आलेले होते, कॉट मिळत होती. वारीला सुट्टी टाकता येते, हे नंतर कळलं आणि बरं वाटलं. धार्मिक मुस्लिम पश्चिमेत जातो तो याच क्रमाने.

आता कामाचं. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला 10 हजार कुशल माणसं पाठवायची ठरलं. स्टुटगार्ट याच राज्याची राजधानी. तुमचा नंबर लागलाच, तर तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करताना एक रकाना दिसेल: धर्म. धर्मनिरपेक्ष देशात हा कशाला, असं वाटेल. पण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर आयकराच्या 8 टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. बव्हेरियातही 8, बाकीच्या राज्यांत 9 टक्के. हिंदू आणि मुस्लिमांना तो शून्य. तेव्हा वसईच्या, पिंपरीच्या ख्रिस्ती मित्रांनो, फॉर्म भरताना हे आधी माहीत असू द्या.