रुग्णाला दूर बसवू नका

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुऊन मंचकावर निजवले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे त्यांनी भिक्खूसंघाला बजावले.

हा प्रसंग आठवण्याचे कारण आमच्या वस्तीतच घडले. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजाराने एका बांधवाचे ऑपरेशन झाले. लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावली. घरी येताच त्याचे ताट वेगळे झाले, अंथरूण दाराशी गेले. वास येऊ नये म्हणून त्याने खाणेपिणे तोडले. चार दिवसांत चक्कर येऊन पडला, लघवी जवळजवळ बंद झाली. सलाईनवर निभावले.

बंधू-भगिनींनो, हा आजार स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दूर बसण्याचे दुःख सोसलेल्या आपण आपल्याच माणसाला दूर बसवावे काय?

काही गोष्टी घरातल्या सर्वांनी जाणून घ्याव्यात. अशा पिशवीत मल पातळच येतो. त्यातून पाण्याबरोबर मीठही जाते. स्राव फार वाढला असता नुसते पाणी पीत राहिल्याने तो आणखी वाढू शकतो. म्हणून ओआरएसची पुडी 1 लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोटघोट द्यावी. पुडी नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. जेवण बंद करू नये. थोडे थोडे, नीट चावून खावे.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. चकतीचे छिद्र आतड्याच्या तोंडापेक्षा 2-3 मिलिमीटरच मोठे ठेवावे, नाहीतर मल लागून कातडी सोलते. कातडी साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी.

तोंड लालसर, ओलसर असणे चांगले. ते काळपट पडले, पिशवीत काहीच न येता पोट फुगून उलट्या झाल्या, ताप आला किंवा दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त स्राव गेला तर ताबडतोब इस्पितळ गाठावे. पिशव्यांचा खर्च झेपत नसेल तर सरकारी इस्पितळातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मागायला लाजू नये.

आमचा तो बांधव आता घरच्यांच्या पंगतीत बसतो. पिशवी कशी बदलायची हे त्याची मुलगीही शिकली आहे. आमच्या मते धम्माचे आचरण ते हेच.

जयभीम!