तकल्लुफला चिनीत काय म्हणतात?

माझा भाचा डॉक्टरकी शिकायला चीनला आहे. वर्गात इंग्रजी चालतं, पण वॉर्डातला रुग्ण बोलणार चिनीच, म्हणून ती भाषाही शिकणं भाग. पहिल्याच वर्षी एका चिनी वर्गमित्राने त्याला घरी जेवायला नेलं. मित्राच्या आईने कौतुकाने त्याच्या वाटीत मांसाचा तुकडा वाढला. हा घाबरला आणि पुस्तकात शिकलेले दोन शब्द बोलून मोकळा झाला : 'पू याव', म्हणजे नको. बाईंचा चेहरा उतरला. रात्री फोनवर मला विचारतो, "खाला, शब्द तर बरोबर होते ना?"

शब्द बरोबर होते. चुकला तो तकल्लुफ. तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याचा धडा मीही गिरवते. शिक्षकाची खोड, दुसरं काय!

तकल्लुफला चिनी शब्द आहे 'ख-छी'. 'ख' म्हणजे पाहुणा. पाहुण्यासारखं संकोचून वागणं ते ख-छी. यजमान 'प्ये ख-छी' म्हणतो, म्हणजे अगदी आपलंच "तकल्लुफ करू नका". 'श्ये-श्ये' म्हणून आभार मानले की 'पू ख-छी' असं उत्तर येतं. पण जिवलग मित्राचे किंवा घरच्यांचे ऊठसूट आभार मानले तर त्यांना ते परकेपणाचं वाटतं. आपल्याकडे तरी अम्मीने पाणी दिलं म्हणून कोण आभार मानत होतं? (आजची मुलं 'थँक यू' म्हणतात, ते सोडा.)

पुस्तकातला पहिला शब्द 'नी हाव'. रोज भेटणारे शेजारी तो फारसा वापरत नाहीत. जेवणवेळेच्या सुमारास दारात भेटले की विचारतील, 'छ्र-ल मा?', जेवलात का? हे आमंत्रण नव्हे. 'छ्र-ल', जेवलो, म्हणायचं आणि पुढे जायचं.

नात्यांची चिनी भाषेत मोठी कदर. वडिलांचा थोरला भाऊ 'पो-पो', धाकटा 'शू-शू', आईचा भाऊ 'च्यो-च्यो'. शिक्षकाला नावाने हाक नाही, आडनाव आधी आणि मग 'लाव-श्र', म्हणजे गुरुजी. आणि मित्राच्या आईला काय म्हणायचं? 'आ-ई'! अर्थ मात्र मावशी, आपली खाला. भाच्याने ही हाकसुद्धा मारली नव्हती.

आता मांसाचं. 'रोव' म्हणजे मांस, पण नुसतं 'रोव' म्हटलं की तिथे बहुधा डुकराचंच समजतात. गाईबैलाचं 'न्यो-रोव', बकऱ्यामेंढ्याचं 'यांग-रोव', असं नाव घेऊन सांगावं लागतं. भाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, म्हणून "मांस नको" एवढं पुरत नाही. 'वो पू छ्र चू-रोव', मी डुकराचं मांस खात नाही, हे वाक्य ताट समोर येण्याआधी, आमंत्रण स्वीकारतानाच बोलावं. म्हणजे वाढणारीचा हात रिकामा परत जात नाही. हॉटेलांवर 'छिंग-चन' ही दोन अक्षरं शोधावीत, हलालला तोच शब्द. लानचौच्या न्यो-रोव शेवयांची अशी दुकानं शहरोशहरी आहेत आणि पुष्कळदा ती हुइ किंवा सालार मुसलमानांची असतात. मेजवानीत कोणी दारूचा पेला उंचावला तर आपण चहाचा उचलून म्हणावं, 'ई छा ताय च्यो', दारूच्या जागी चहा. हा तिथला रुळलेला वाक्प्रचार आहे, कोणी वाईट मानत नाही. त्यातला 'छा' म्हणजेच आपला चहा, फारसीच्या वाटेने आलेला.

उच्चारांत मराठी मुलांची चांदी आहे, फक्त रोमन अक्षरांना फसू नये. चीनने १९५८ मध्ये स्वीकारलेल्या पिनयिन लिपीत 'बी' दिसला तरी उच्चार 'प'चा, 'डी' दिसला तरी 'त'चा. 'टी' म्हणजे 'थ'. प आणि फ, त आणि थ हा भेद आपल्या जिभेला जन्मापासून आहे. शिवाय 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च असे दोन च मराठीत आहेत, चिनीतही जवळजवळ तेच दोन. उर्दूत पहिला नाही, म्हणून इथे मी माझ्या मराठीची ऋणी! सुरांपुढे मात्र देवनागरीचं काही चालत नाही. 'माय' खाली नेऊन वर उचललं तर विकत घेणं, झटक्यात खाली आणलं तर विकणं. ते कानानेच शिकायचं.

दुसऱ्या खेपेला भाचा भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ नेणार होता. बरं झालं, आधी बोलला. 'घड्याळ भेट देणं' आणि 'मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं' यांचा चिनी उच्चार एकच, 'सोंग चोंग'. त्याने सफरचंदं नेली, आठ, कारण आनंदाच्या प्रसंगी तिथे सम संख्या शुभ. आपल्याकडे आहेराला एकावन्न, एकशेएक, तिथे उलटं.

दारातच त्याने 'आ-ई' अशी हाक मारली. त्या दिवशी टोमॅटो घालून परतलेली अंडी होती. कढई नवी होती, आणि तेलाची बाटली बाईंनी आधी त्याच्या हातात दिली, लेबल वाचायला.